ईमेलची पैवस्ती

१/
नागपूर दरबारी असलेल्या पेशव्यांच्या वकिलांनी पुण्यास नाना फडणवीसांकडे धाडलेली पत्रे कृष्णाकाठच्या मेणवली दप्तरात टिकून राहिली. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी त्यांतील निवडक पत्रे 'नागपूर अफेअर्स' या नावाने संपादित केली. पहिला खंड १९५४ साली निघाला. त्या काळचा पत्रव्यवहार वाचणाऱ्या अभ्यासकाची नजर मजकुराइतकीच एका लहानशा नोंदीचा शोध घेत असते. ती नोंद म्हणजे पैवस्ती.

२/
पैवस्ती म्हणजे पत्र हाती पडल्याची मिती. ती पत्र लिहिणारा घालत नसे, पत्र स्वीकारणारे दफ्तर घालत असे. लिहिल्याची मिती आणि पैवस्ती यांच्यातील अंतरावरून जासूदजोडी वाटेत किती दिवस होती हे कळते. अमुक निर्णय घेताना पुण्याला नागपूरची बातमी ठाऊक होती की नव्हती, हेही ठरवता येते. पत्र विश्वसनीय ठरते ते लिहिणाऱ्याच्या शब्दाने जितके, तितकेच त्यावर उमटलेल्या दुसऱ्या हाताच्या खुणेने.

३/
ईमेललाही पैवस्ती असते, आणि एक नसून बहुधा अनेक असतात. ती वाचता न येणे ही आजच्या वकिलांची, हिशेबनिसांची, व्यापाऱ्यांची आणि इतिहासाच्या हौशी अभ्यासकांचीही मोठी उणीव आहे, असे प्रस्तुत धाग्याचे प्रतिपादन आहे. तंत्रज्ञांवर सोपवून देण्याजोगा हा विषय नाही. ज्याला मोडी कागदावरची पैवस्ती उमगते, त्याला ही विद्या अवघड जाऊ नये.

४/
उदाहरणासाठी उत्तर नागपुरातील जरीपटक्याकडे पाहावे. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या कुटुंबांनी ही वस्ती नावारूपाला आणली. त्या पिढीला कागदाची किंमत सांगावी लागली नाही. पाकिस्तानात मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे पडताळण्यासाठी १९५० साली विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा झाला, तेव्हा पेटीतून आणलेले विक्रीखत किंवा कराची पावती हा केवढा आधार होता! 'आमचे घर होते' हे सांगणे आणि ते सिद्ध करणे यांतील अंतर त्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवले.

५/
आज त्याच वस्तीतील एखाद्या कापड दुकानाचा निम्मा व्यवहार ईमेलवर चालतो. समजा, सुरतेच्या जुन्या पुरवठादाराच्या नावाने संदेश येतो: आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील बिलाची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी. नाव ओळखीचे, भाषा नेहमीची, बिलाचा आकडाही बरोबर. रक्कम भरली जाते. आठवड्याने खऱ्या पुरवठादाराचा फोन येतो की पैसे पोचले नाहीत. अशा फसवणुकीच्या तक्रारी जगभर होतात, आणि प्रत्येक वेळी तक्रारदाराच्या हातात बहुधा एकच पुरावा असतो: मोबाइलवर काढलेला स्क्रीनशॉट.

६/
तो स्क्रीनशॉट जवळजवळ निरुपयोगी का, हे समजण्यासाठी आधी पत्राचा रस्ता पाहिला पाहिजे.

बटण दाबले की संदेश सुरतेहून थेट नागपूरच्या मोबाइलवर उडत येतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसे घडत नाही. ईमेल ही डाक आहे, आणि जुन्या अर्थाने डाक आहे: ठाण्याठाण्यावर उतरणारी, प्रत्येक ठाण्यावर नोंदली जाणारी आणि पुढच्याच्या हवाली केली जाणारी.

७/
सुरतेचा व्यापारी आपल्या संगणकावरून संदेश सोडतो, तो प्रथम त्याला ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. हे पहिले ठाणे. हा सर्व्हर पत्त्यातील '@' या चिन्हाच्या पुढचा भाग, म्हणजे डोमेनचे नाव, तेवढेच पाहतो. अलीकडचा भाग हे माणसाचे नाव. त्याच्याशी शेवटच्या ठाण्याशिवाय कोणाचे काम नाही. 'या डोमेनचे टपाल कोण घेते?' असा प्रश्न तो इंटरनेटच्या नामसूचीला विचारतो. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखलेली ही सूची आजही रोज अगणित वेळा हेच उत्तर देत असते: अमुक सर्व्हर घेतो, त्याचा क्रमांक तमुक.

८/
मग दोन सर्व्हरांत जे संभाषण होते, त्याची रीत जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आहे की दरबारी हुजऱ्यांचे बोलणे वाटावे. एक म्हणतो: नमस्कार, आम्ही अमुक ठिकाणचे. दुसरा म्हणतो: बोला. पत्र धाडणारा अमुक. ठीक. पत्र घेणारा तमुक. ठीक. आता मजकूर. शेवटी एका ओळीवर केवळ एक टिंब येते, म्हणजे मजकूर संपला. प्रत्येक उत्तराला क्रमांक असतो: २५० म्हणजे मान्य, ५५० म्हणजे असा कोणी येथे राहत नाही. ४ ने सुरू होणारा क्रमांक आला तर अर्थ 'आता जमत नाही, नंतर या'. मग धाडणारा सर्व्हर पत्र जपून ठेवतो आणि थांबून थांबून, पुष्कळदा चार-पाच दिवसांपर्यंत, पुन्हा प्रयत्न करतो.

९/
या संभाषणाखाली आणखी एक थर आहे. संदेश तारेतून अखंड जात नाही. त्याचे साधारण १,५०० बाइटांपर्यंतचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रम असतो. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. हुंडीच्या व्यवहारात मूळ हुंडी गहाळ झाली की 'पेठ' आणि तीही हरवली की 'परपेठ' लिहून देत, त्याच जातीची ही तजवीज. तुकडे कोणत्या वाटेने जातील हे आधी ठरलेले नसते. जरीपटक्यातील दोन शेजारी दुकानांमधला संदेशही मुंबईच्या किंवा परदेशातल्या सर्व्हरला शिवून येऊ शकतो.

१०/
थोडे विषयांतर, पण मराठी वाचकाला हे ठाऊक असावे. १९८२ ची रीत केवळ इंग्रजीच्या १२८ चिन्हांसाठी बेतलेली होती. देवनागरीला तीत जागाच नव्हती. १९९२ साली नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या तोडग्याने वाट निघाली: परकी अक्षरे रोमन चिन्हांचा वेश घालून पाठवायची आणि पलीकडे वेश उतरवायचा. एका प्रचलित पद्धतीत 'न' हे अक्षर '४' हा आकडा आणि के, एस, ओ ही तीन रोमन अक्षरे अशा चार चिन्हांच्या रूपाने प्रवास करते. 'नागपूर' हा शब्द असा वेशांतर करून जातो आणि पोचल्यावर पुन्हा नागपूर होतो.

११/
आता भारतातील कथा. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शैक्षणिक जाळे उभारण्यास घेतले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. तिचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी. मुंबईतल्या या संस्थेने आणि पवईच्या आयआयटीने साध्या टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना ईमेल धाडले, ती या देशातील आरंभीची देवघेव. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियाशी दुवा जोडला गेला. वेग सेकंदाला ९,६०० बिट. आज एक छायाचित्रसुद्धा त्या तारेवर तासभर अडकून बसेल.

१२/
त्या काळातील जगभरची एक पद्धत आवर्जून सांगण्याजोगी आहे. टेलिफोनवरून जोडलेल्या त्या संगणकांवर पत्र धाडणाऱ्याला नुसता पत्ता लिहून भागत नसे. संपूर्ण मार्ग लिहावा लागे. अमुक संगणकाकडून तमुककडे, तेथून पुढच्याकडे, अशी ठाण्यांची नावे उद्गारचिन्हांनी जोडलेली असत. एक संगणक दुसऱ्याला फोन करी, पुष्कळदा रात्री स्वस्त दरात, आणि साठलेली पत्रे हवाली करी. मधले एक ठाणे बंद असेल तर पत्र तेथेच मुक्काम करी. डाक बसवण्याचे जुने काम पाहिलेल्या एखाद्या कारकुनाला ही व्यवस्था पाहून परकेपणा वाटला नसता.

१३/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तोवर '@' चिन्हाचा पत्ता रुळला होता. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली ते चिन्ह निवडले, तेव्हा त्यांचा पहिला संदेश एकाच खोलीत शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये गेला होता. मात्र तो गेला जाळ्यावरून. मार्ग लिहिण्याची कटकट संपली आणि मार्ग दृष्टीआड झाला. सोय झाली, यात शंका नाही. परंतु पत्राला मार्ग असतो ही जाणीवच त्या सोयीबरोबर निघून गेली, आणि फसवणुकीची बीजे याच विस्मृतीत आहेत.

१४/
कारण पोस्टेल यांच्या रीतीत एक मोकळी खिडक राहिली. 'पत्र धाडणारा अमुक' असे जो म्हणेल त्याचे म्हणणे खरे मानले जाई. त्याहून विलक्षण म्हणजे, सर्व्हरांच्या संभाषणात सांगितलेले नाव आणि वाचकाला दिसणारे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले लिफाफ्यावरचे, दुसरे आतल्या पत्राच्या मायन्यातले. टपाल पोचते लिफाफ्यावरून. वाचक पाहतो मायना. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा नियम मूळ रीतीत नव्हता. 'बीसीसी'ची किमया याच फटीतून चालते: गुप्त प्रापकाचे नाव लिफाफ्यावर असते, मायन्यात नसते.

१५/
हा दोष आळसाचा नव्हता. १९८२ साली या जाळ्यावर असलेले लोक मोजके संशोधक होते, पुष्कळसे परस्परांना ओळखणारे. त्यांनी दार उघडे ठेवले, कारण गल्लीत सगळे ओळखीचे होते. गल्लीचे शहर झाले तेव्हा दार बदलणे अवघड होऊन बसले.

मराठीत अशा आगंतुकाला नेमका शब्द आहे: तोतया. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक इसम उभा राहिला, रत्नागिरीच्या बाजूला त्याने किल्ले आणि माणसे मिळवली, आणि १७७६ च्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला त्याने त्रस्त केले. लोकांनी विश्वास ठेवला तो नावावर.

१६/
ही खिडकी बुजवण्यासाठी २००० नंतर तीन उपाय आले. इंग्रजी आद्याक्षरांमुळे ते भीतिदायक वाटतात. वस्तुतः तिन्ही ओळखीचे आहेत.

एसपीएफ: डोमेनचा मालक नामसूचीत जाहीर करतो की आमचे टपाल केवळ या या सर्व्हरांतून निघते. अधिकृत जासुदांची यादीच ही. यादीबाहेरचा कोणी थैली घेऊन आला तर संशय घ्यावा.

१७/
डीकेआयएम: हा सर्वांत महत्त्वाचा, आणि मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा. राजपत्राच्या अखेरीस मजकूर संपल्याची खूण म्हणून लहान शिक्का उठवत, तो मोर्तब. मोर्तबाच्या पुढे कोणी काही घुसडले तर ते उघडे पडे. डीकेआयएम म्हणजे ईमेलचे मोर्तब. धाडणारा सर्व्हर मजकुरावरून गणिताने एक खूण काढतो आणि आपल्या गुप्त किल्लीने तिच्यावर शिक्का मारतो. बँक खात्याच्या क्रमांकातील एक आकडा वाटेत बदलला तरी शिक्का जुळत नाही. लाखेचा शिक्का कुशल कारागीर नकलू शके. या शिक्क्याची नक्कल किल्लीवाचून व्यवहारतः अशक्य आहे.

१८/
डीमार्क: मायन्यातील नाव या दोहोंपैकी एकाशी तरी जुळले पाहिजे, आणि न जुळल्यास पत्राचे काय करायचे, याची डोमेनमालकाने दिलेली आज्ञा. ठेवा, बाजूला काढा किंवा परतवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल धाडणाऱ्यांना हे उपाय सक्तीचे केले. लहान व्यापाऱ्याने स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले असेल, तर ही तीन कामे करून घेणे म्हणजे दुकानाला कुलूप लावणे आहे. संकेतस्थळाच्या रंगसंगतीवर महिनाभर खल करणारे मालक याबाबत एक प्रश्नही विचारीत नाहीत, हे नवल.

१९/
मात्र या उपायांची मर्यादा न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोर्तब सिद्ध करते ते एवढेच की पत्र त्या डोमेनच्या ठाण्यातून निघाले आणि वाटेत बदलले नाही. कोणी पुरवठादाराचा पासवर्ड चोरून त्याच्याच खात्यातून लिहिले, तर शिक्का खरा आणि हात चोराचा. कोणी एका अक्षराचा फरक असलेले नवे डोमेन घेतले, तर त्याचे स्वतःचे मोर्तब निर्दोष असते. जरीपटका हे मराठी राज्याचे मानाचे निशाण. ते दिसले की फौज कोणाच्या हुकमाची हे दुरूनच कळे. तसेच पण किंचित निराळ्या जरीचे निशाण कोणी मिरवले तर जवळ जाऊन निरखावेच लागते. मोबाइलवरील ईमेल ॲपे पुष्कळदा पत्ता झाकून केवळ नाव दाखवतात. वाचकाच्या हातून निशाण निरखण्याची संधीच ती काढून घेतात. ही सोय घातक आहे.

२०/
म्हणून पैवस्ती. प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर, एरवी झाकलेल्या ओळींत, ज्या ज्या सर्व्हरने पत्र घेतले त्याची नोंद असते: कोणाकडून घेतले, कोणी घेतले, केव्हा घेतले. जीमेलमध्ये संगणकावर 'शो ओरिजिनल' निवडले की हा सारा भाग उघडतो. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकालही दिसतात.

नोंदी वाचायच्या त्या खालून वर, कारण प्रत्येक ठाणे आपली ओळ आधीच्यांच्या माथ्यावर चढवते. तारखेपुढे +०५३० असेल तर घड्याळ भारताचे. परदेशी ठाण्याचे घड्याळ निराळे असते, त्याचा मेळ घालावा लागतो. शुहूर सनाचा मेळ जंत्रीवरून शकाशी घालणाऱ्यांना हे काम किरकोळ आहे.

२१/
एक सावधगिरी. सगळ्यांत खालच्या ओळी तोतयाही रचू शकतो. पत्र निघण्यापूर्वी त्याने खोट्या पैवस्त्या लिहून ठेवलेल्या असू शकतात. निर्विवाद ओळी त्याच, ज्या स्वीकारणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरने घातल्या. आपल्या दफ्तराच्या हातची नोंद प्रमाण, परक्या हातची तपासून घेण्याजोगी. साधनचिकित्सेचा नेहमीचाच नियम येथे लागू पडतो.

२२/
आता स्क्रीनशॉटकडे परत. त्यात लिफाफा नाही, पैवस्ती नाही, मोर्तब नाही. आहे तो मायना आणि मजकूर, तोही चित्रात. ज्या दोन गोष्टी तोतया सहज रचू शकतो, नेमक्या त्याच उरल्या आणि ज्या त्याला रचता येत नाहीत त्या गळाल्या.

न्यायालयांनाही हा फरक महत्त्वाचा वाटतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात वाद चित्रीकरणाच्या प्रतींचा होता. मूळ उपकरणच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे.

२३/
इतिहासाच्या हौशी अभ्यासकांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'ऐतिहासिक पत्रां'च्या प्रतिमा पाहाव्यात: कडा कापलेल्या, पाठची बाजू नाही, दप्तराचे नाव नाही, पैवस्ती कापून गेलेली. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हापासून अस्सल आणि नक्कल यांतील भेदावर मराठी संशोधन उभे आहे. शिवकालीन पत्राची अस्सलता मागणारा तरुण स्वतःच्या घरातील पत्रव्यवहार मात्र स्क्रीनशॉटांच्या रूपाने साठवतो. त्याची नातवंडे त्यास नक्कल म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे बरोबर असेल.

२४/
जरीपटक्यातून परदेशी गेलेल्या कुटुंबांची तीस वर्षांची ख्यालीखुशाली, भागीदाऱ्यांची बोलणी, घर विकल्याच्या चर्चा आता अशाच खात्यांत पडून आहेत. नाना फडणवीसांच्या मृत्यूनंतरही मेणवलीचा वाडा उभा राहिला म्हणून त्यातील रुमाल शेजवलकरांच्या हाती लागले. ईमेल खात्याला असा वाडा नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. खातेदार वारला आणि पासवर्ड कोणाला ठाऊक नसला की मुदत मोजली जाऊ लागते.

२५/
महत्त्वाचा संदेश 'डाउनलोड मेसेज' निवडून ईएमएल फाइल म्हणून उतरवता येतो. त्यात लिफाफ्याच्या खुणा, सर्व पैवस्त्या आणि मोर्तब जशीच्या तशी राहतात. संपूर्ण खात्याची प्रत गूगलच्या 'टेकआउट' सुविधेतून घेता येते. मात्र मोर्तब ताडून पाहण्याची किल्ली धाडणाऱ्याच्या डोमेनच्या नामसूचीत असते आणि ती काही काळाने बदलते. म्हणून ज्या पत्रावर पैसा किंवा हक्क अवलंबून आहे, त्याचे 'शो ओरिजिनल'मधील निकाल त्याच दिवशी उतरवून फाइलशेजारी ठेवावे लागतात.